कोकणात समुद्रासमोरचा आठवडा: टाइमशेअर घेण्याआधी, अदलाबदल करण्याआधी

यंदा ओळखीच्या तीन घरांतून एकच प्रश्न आला. "तुमचं कोकणातलं ते टाइमशेअर कसं आहे? आम्हीही घ्यावं का?" तिघांनाही फोनवर तासभर सांगितलं आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं राहूनच गेलं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आमचं रिसॉर्ट रत्नागिरी जिल्ह्यात, एका खाडीच्या मुखाशी कड्याच्या उतारावर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. एक खोली दुसरीसारखी नाही, कारण बांधणाऱ्याने कडा फोडून सपाट केला नाही, उतारावर जिथे जागा मिळाली तिथे खोली बसवली. एका खोलीत न्हाणीघराची एक भिंत म्हणजे मूळचा कातळच आहे. रिसेप्शनपासून सगळ्यांत खालच्या खोलीपर्यंत ९२ पायऱ्यांची पाखाडी आहे, लिफ्ट नाही. रात्री खिडकी उघडी ठेवली तर लाट उशाशी फुटल्यासारखी वाटते. हे आवडणारी माणसं असतात आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरणारीही असतात. दोन्ही मी पाहिली आहेत.

आपण नक्की काय विकत घेतो

टाइमशेअर म्हणजे घर नाही. आपल्याकडे बहुतेक करारांत मिळतो तो वापराचा हक्क: ठरावीक वर्षं, दर वर्षी साधारण सात रात्री, ठरावीक आकाराची खोली. जमीन आपल्या नावावर होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, मुदत संपली की हक्क संपतो. कल्पना युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही संस्था सुरू झाली, ती या धंद्यातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. भारतात स्टर्लिंग १९८६ साली आली आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ साली. अदलाबदल, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टचा घेणं, ती करून देणाऱ्या कंपन्या वेगळ्या. आरसीआय १९७४ची आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ची, दोन्ही अमेरिकेतल्या. रिसॉर्ट विकणारी कंपनी एक आणि अदलाबदल करणारी दुसरी, हे पहिल्यापासून डोक्यात ठेवा. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

हक्काचे प्रकार तीन. ठरलेला आठवडा, म्हणजे वर्षाच्या आठवड्यांना क्रमांक असतात त्यातला दर वर्षी तोच क्रमांक. फ्लोटिंग आठवडा, म्हणजे आपल्या सीझनमधला कुठलाही, पण जो आधी बुक करेल त्याला. आणि पॉइंट, म्हणजे दर वर्षी खात्यात गुण जमा होतात आणि त्यातून रात्री घ्यायच्या. सीझनला रंग असतात. आरसीआयच्या पद्धतीत लाल म्हणजे जास्त मागणी, पांढरा मधला, निळा कमी मागणीचा. क्लब महिंद्राकडे या तिघांच्या वर जांभळा आहे.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यात मराठी घरांचा फार पैसा गेला. "वापरा नाहीतर व्याजासकट परत घ्या" असं सांगून खोलीच्या रात्री विकणाऱ्या योजना आपल्याकडे गावोगाव पसरल्या होत्या. अशीच योजना चालवणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीला गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१६ साली सात हजार कोटींहून अधिक रक्कम गुंतवणूकदारांना परत करायला सांगितलं. परताव्याचं आश्वासन आलं की तो सुट्टीचा व्यवहार राहत नाही. पैसे वाढतील असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. टाइमशेअर चांगलं असलं तरी तो खर्चच आहे, आणि खर्च म्हणूनच तो परवडतो का ते बघायचं.

पहिली पायरी: विकत घेण्याआधी एकदा राहून या

विक्रीची बैठक कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये होते. मॉलमध्ये भरलेल्या कुपनावर "तुमचा नंबर लागलाय" असा फोन येतो, नवरा-बायको दोघांनी यायचं अशी अट असते, जेवण फुकट असतं आणि किंमत "फक्त आजच्यापुरती" कमी असते. आम्हीही अशाच एका हॉलमध्ये चार तास बसलो होतो. शेवटी आमच्यापुढे क्रेडिट कार्डाचं मशीन आलं तेव्हा नवरा म्हणाला, "उद्या कळवतो." तेवढ्या एका वाक्याने आमचे बरेच पैसे वाचले. तो सौदा आम्ही केला नाही. दोन वर्षांनी याच रिसॉर्टचा आठवडा एका निवृत्त काकांकडून, कंपनीच्या दरापेक्षा पुष्कळ कमी किमतीत, रीतसर नाव बदलून घेतला.

म्हणून सांगते, आधी राहून या. नेहमीचं भाडं भरून, निदान तीन रात्री. आणि जमलं तर ज्या महिन्याचा आठवडा घ्यायचा आहे त्याच महिन्यात. डिसेंबरात पाहिलेलं कोकण आणि जुलैतलं कोकण एक नाही. जुलैत दाराची लाकडं फुगतात आणि दार बसत नाही, गादीला ओलसर वास येतो, वीज जाते. एसीचं बाहेरचं यंत्र खाऱ्या वाऱ्याने गंजतं. विहिरीच्या पाण्याला मचूळपणा असेल तर साबणाला फेस येत नाही. यात रिसॉर्टचा दोष असेलच असं नाही, समुद्रासमोर राहण्याची ही किंमत आहे. बघायचं एवढंच, की मालक दुरुस्ती करतो का. खिडकीच्या बिजागऱ्या, गॅलरीचे कठडे, पाखाडीवरचे दिवे, हे तीन तपासले की बाकीचं कळतं. कठडा गंजून हलत असेल तर देखभालीसाठी दर वर्षी भरायची वर्गणी जाते कुठे, हे तिथेच विचारा.

घरात गुडघे दुखणारं कोणी आहे का? आमच्या सासूबाईंना पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांत खालची, समुद्राला सगळ्यांत जवळची खोली घेऊन दिली. आम्हाला वाटलं, त्यांना आवडेल. तीन दिवस त्या खोलीतून बाहेर पडल्या नाहीत आणि एका शब्दाने बोलल्याही नाहीत. अशा जागी खोलीचा क्रमांक फार महत्त्वाचा असतो. करारात "स्टुडिओ" किंवा "वन बेडरूम" एवढंच लिहिलेलं असतं, कुठला स्टुडिओ ते नसतं.

दुसरी पायरी: आठवडा ओळखा

माझ्या मते कोकणात जागेपेक्षा आठवडा निवडणं कठीण आहे, आणि बहुतेक लोक ते उलट्या क्रमाने करतात.

ठरलेला आठवडा घ्यायचा असेल तर आपली दिवाळी त्यात बसत नाही, हे आधी समजून घ्या. जानेवारीचा पहिला शनिवार हा पहिल्या आठवड्याची सुरुवात धरून मोजलं, तर लक्ष्मीपूजन २०२४ साली ४३व्या आठवड्यात होतं, २०२५ साली ४२व्या आणि २०२६ साली ४५व्या. आठवडे इंग्रजी कॅलेंडरने मोजतात आणि सण तिथीने येतात. "दिवाळीचा आठवडा" म्हणून विकला जाणारा ठरलेला आठवडा तीन वर्षांतून एखाद्या वर्षीच दिवाळीचा असतो. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांवर ज्यांचं सगळं अवलंबून आहे त्यांनी फ्लोटिंगच घ्यावा, आणि बुकिंग ज्या दिवशी उघडतं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. आम्ही पहिल्या वर्षी ती विसरलो. मे महिना भरला, नोव्हेंबर भरला, आणि आमचा आठवडा वापराविना गेला. वर्गणी मात्र पूर्ण भरली.

आता महिन्यांबद्दल. मे महिन्यात उकाडा असह्य होतो, पण हापूस उतरलेला असतो आणि मुलांना सुट्टी असते. नाताळचा आठवडा सगळीकडेच लाल. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हवा उत्तम, समुद्र शांत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. आपला आठवडा तेव्हा असेल आणि गाडी असेल तर ते चुकवू नका.

पावसाळ्याचा निळा आठवडा स्वस्त मिळतो आणि विकणारा तो "एक्स्चेंजला वापरा" म्हणून गळ्यात मारतो. त्याची अदलाबदलीची किंमत कमी असते, ते पुढे सांगते. पण स्वतः राहायला? मला ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ सगळ्यांत जास्त आवडतो. सड्यावर कातळाच्या फटीफटीत रानफुलं आलेली असतात, धबधबे चालू असतात आणि रिसॉर्ट निम्मं रिकामं असतं. पावसाळ्यात समुद्रात मात्र पाय घालायचा नाही, ऐन पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारी बंदी असल्याने ताटात येतो तो खाडीचा नाहीतर बर्फातला मासा. हे चालणार असेल तर निळा आठवडा घ्या. फक्त गणपतीत अडचण येते. रिसॉर्टला जागा असते, कारण चाकरमानी आपापल्या घरी उतरतो, पण गाडीला जागा नसते.

आणि तिथी. हे मला रिसॉर्टच्या माळ्याने शिकवलं आणि कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. गावाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण आठवडा ठरवायला एवढं पुरतं.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भर दुपारी पाणी रिसॉर्टच्या बांधापर्यंत येतं, पण संध्याकाळी पाच-सहाला पूर्ण ओहोटी, आणि सूर्यास्ताला चालायला लांबच लांब ओली वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण ते चढतं नेमकं सकाळ-संध्याकाळी. म्हणजे ज्या वेळी किनाऱ्यावर जावंसं वाटतं त्याच वेळी किनारा अरुंद. लहान मुलं असतील तर फ्लोटिंग आठवडा घेताना पंचांग उघडून पौर्णिमा किंवा अमावास्या आठवड्याच्या मधोमध येईल असं बघा, आणि दुपारच्या उधाणात त्यांना पाण्याजवळ सोडू नका.

तिसरी पायरी: हिशोब

आकडे उदाहरणादाखल घेते, आपले आपण घाला. समजा २५ वर्षांचा एक आठवडा ४ लाखांना मिळाला आणि वार्षिक वर्गणी १८,००० आहे. वर्गणीवर १८ टक्के जीएसटी धरला की २१,२४० होतात. विकणारा असं मांडतो: ४ लाख भागिले २५ म्हणजे वर्षाला १६,०००, त्यात वर्गणी मिळवून ३७,२४०, भागिले सात रात्री, म्हणजे रात्रीला ५,३२०. "समुद्रासमोर एवढ्यात कुठे मिळतं?"

पण ते ४ लाख आज द्यायचे आहेत. तेच पैसे ७ टक्के व्याजाने ठेवून २५ वर्षांत दर वर्षी सारखी रक्कम काढत संपवले, तर वर्षाला सुमारे ३४,३०० मिळत राहतात. म्हणजे आपला खरा वार्षिक खर्च ५५,५००च्या घरात, रात्रीला ७,९००हून जास्त. आणि वर्गणी दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत दुप्पट होते. वर्गणी किती वाढू शकते यावर करारात मर्यादा आहे का, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि हॉलमध्ये तो कोणी विचारत नाही. जेवण यात नाही. प्रवास नाही. एखाद्या वर्षी आपण गेलो नाही तरी वर्गणी चुकत नाही.

हा आकडा घेऊन बसा आणि त्याच्या शेजारी गावातल्या घरगुती खोलीचं, एमटीडीसीच्या गणपतीपुळ्याच्या किंवा तारकर्लीच्या निवासाचं आजचं भाडं लिहा. वर्षातून एकदा, वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या कुटुंबाला टाइमशेअर बहुधा महागच पडतं. त्याच जागी दर वर्षी जाण्याची ओढ ज्यांना आहे, त्यांना दुसऱ्याकडून घेतलेला जुना आठवडा परवडू शकतो. आणि ज्यांचं कोकणात वडिलोपार्जित घर आहे, कौलं फुटलेलं, वर्षातून दोनदा उघडणारं, त्यांनी हे पैसे आधी त्या घराच्या छपराला लावावेत, असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: कागद

कोकणात सातबारा बघितल्याशिवाय आपण नारळाचं झाडही घेत नाही. मग २५ वर्षांचा करार करताना जमिनीचा कागद का बघू नये? सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक घातला की उतारा दिसतो. जमीन रिसॉर्ट कंपनीच्या नावावर आहे की भाडेपट्ट्याने घेतली आहे? भाडेपट्टा दहा वर्षांचा आणि आपली मेंबरशिप पंचवीस वर्षांची असेल, तर अकराव्या वर्षी काय, ते लेखी मागा. जमीन अकृषिक झाली आहे का, तेही बघा.

समुद्रासमोरच्या बांधकामाला सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे केंद्र सरकारचे नियम, लागू होतं. पहिली अधिसूचना १९९१ची, पुढे २०११ची आणि २०१९ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी. २०१९च्या अधिसूचनेत, चौरस किलोमीटरला २,१६१हून जास्त वस्ती असलेल्या भागांसाठी ही मर्यादा ५० मीटर केली आहे. म्हणून "वाळूवर पाय ठेवला की खोली" अशी जाहिरात वाचली की बांधकाम कधीचं आणि परवानगी कुणाची, हे दोन प्रश्न विचारायचे. जी खोली उद्या पाडली जाऊ शकते तिचा आठवडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

करारात आणखी बघायचं ते असं: सही केल्यावर किती दिवसांत पैसे परत घेता येतात, नॉमिनी कसा लागतो, नाव बदलायला किती शुल्क, वर्गणी थकली तर किती दंड आणि कधी हक्क रद्द. युरोपीय संघात टाइमशेअरचा करार १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो, तो तिथला कायदाच आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे जे करारात लिहिलं असेल तेच. तोंडी सांगितलेलं काहीही धरू नका. हप्त्याने घेत असाल तर बँकेचं कर्ज हा वेगळा करार असतो. रिसॉर्टशी भांडण झालं तरी हप्ता चालूच राहतो.

जुना आठवडा दुसऱ्याकडून घेताना कंपनीकडून लेखी "थकबाकी नाही" असा दाखला घ्या, उरलेली वर्षं मोजा, आणि नाव बदलल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आम्हाला आठवडा विकणाऱ्या काकांनी स्वतःच असं करायला सांगितलं होतं. त्यांचे आभार किती मानावेत!

पाचवी पायरी: अदलाबदल

इथे दोन दिशा आहेत. आपला आठवडा देऊन दुसरीकडे जाणं, आणि दुसरीकडचा आठवडा देऊन कोकणातल्या अशा जागी येणं. दुसऱ्या दिशेचा विचार फार कमी लोक करतात. तुमच्याकडे आधीच लोणावळ्याचा, महाबळेश्वरचा किंवा गोव्याचा आठवडा असेल, तर कोकणातली जागा विकत घेऊच नका, अदलाबदलीने दोन-तीनदा येऊन बघा.

पद्धत अशी. आधी आपलं रिसॉर्ट कुठल्या एक्स्चेंज कंपनीशी जोडलेलं आहे ते बघायचं आणि तिची मेंबरशिप चालू आहे ना ते तपासायचं, कारण ती वेगळी असते आणि तिची वर्गणीही वेगळी असते. मग आपला आठवडा तिथे जमा करायचा. बँकेत पैसे टाकावेत तसा. त्या आठवड्याला एक वजन मिळतं. सीझन कुठला, खोली किती माणसांची, रिसॉर्टचा दर्जा कसा आणि किती आधी जमा केला, यावर ते ठरतं. मी निदान नऊ महिने आधी जमा करते. दोन महिने आधी जमा केलेल्या लाल आठवड्याचंही वजन घसरतं. मग हवी ती जागा आणि तारखा देऊन शोध लावून ठेवायचा. जुळलं की अदलाबदलीचं शुल्क भरायचं आणि पक्कं झाल्याचं पत्र घ्यायचं. जमा केलेला आठवडा कधीपर्यंत वापरायचा, याला मुदत असते, तीही लिहून ठेवा.

कोकणातली छोटी, वेगळ्या ढंगाची रिसॉर्टं मिळवणं अवघड जातं, कारण खोल्याच थोड्या. वीस खोल्यांच्या जागेतून अदलाबदलीला येणार किती? म्हणून शोध लवकर लावा, तारखांची रुंदी मोठी ठेवा आणि शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. काही रिसॉर्टं एकाच पाहुण्याला चार वर्षांतून एकदाच अदलाबदलीने येऊ देतात, काही ठिकाणी जवळच्या भागातल्या मेंबरांना अदलाबदलीने प्रवेशच नसतो. हे नियम रिसॉर्टच्या पानावर बारीक अक्षरात असतात. स्वतः न जाता मुलीला-जावयाला पाठवणार असाल तर पाहुण्याचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. ते नसल्याने रात्री दहा वाजता रिसेप्शनवर उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

आणि उलट दिशेने? पावसाळ्याचा निळा आठवडा देऊन मे महिन्यात मनालीला जाता येईल, असं कोणी सांगितलं तर ते लेखी मागा. सहसा मिळत नाही.

सहावी पायरी: पोचणं आणि राहणं

अदलाबदल पक्की झाली की त्याच दिवशी रेल्वेचं बघा. नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जागा दापोली-गुहागरकडे असेल तर खेड किंवा चिपळूण, गणपतीपुळ्याकडे असेल तर रत्नागिरी, मालवणकडे असेल तर कुडाळ. स्टेशनपासून पुढचा रस्ता तास-दोन तासांचा असतो, त्यामुळे रिक्षा-गाडी आधी सांगून ठेवा. स्वतःच्या गाडीने येत असाल तर दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी मोठा वळसा वाचतो. शेवटची बोट किती वाजता, ते निघण्याआधी विचारा.

रिसॉर्टला पंधरा दिवस आधी फोन करा. खोलीचा क्रमांक मागा, पायऱ्या विचारा, ओटा आणि गॅस आहे का ते विचारा. ओटा असेल तर खरी मजा आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथून सौंदाळे किंवा सुरमई आणायची, आमसुलं आणि नारळ गावातून, आणि रात्री आपल्या हाताने कालवण करायचं. तयारीत रोख पैसे, औषधं, विजेरी आणि घट्ट पट्ट्याच्या चपला घ्या. अनोळखी किनाऱ्यावर पोहायला उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. गणपतीपुळ्याच्या पाण्यात माणसं बुडाली आहेत, आणि वरून ते पाणी तसं दिसत नाही.

काही बिघडलं तर आधी रिसेप्शनच्या तक्रार वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या. कंपनीला ईमेल करा, फोन नको. तरीही दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याच्या माणसाला कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं.

आमच्याकडे एक वही आहे. दर वर्षी निघायच्या सकाळी, सामान वर गेल्यावर, आम्ही तीत खोलीबद्दल लिहितो. १ नंबर: पायऱ्या ११, समुद्र अर्धा दिसतो, आईंसाठी हीच. ६ नंबर: पाणी मचूळ, पण सकाळचं ऊन थेट पलंगावर. ९ नंबर: कातळाची न्हाणी, पावसाळ्यात भिंत पाझरते, जानेवारीत घ्यावी. १४ नंबर: सगळ्यांत खाली, लाटेचा आवाज, मुलांना झोप लागली नाही, आम्हाला लागली.